विश्लेषण : जपानच्या बॅडमिंटनचे पुढे काय? गुरू कोरियाच्या गोटात, जोड्या फुटलेल्या आणि आशियाई स्पर्धा घरच्या अंगणात…

ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस पॅरिसमध्ये झालेल्या जागतिक बॅडमिंटन स्पर्धेत जपानच्या अकाने यामागुचीने अंतिम सामन्यात चीनच्या चेन युफेइचा २१-९, २१-१३ असा धुव्वा उडवला. हे तिचे तिसरे जगज्जेतेपद. पण याच वर्षात जपानी बॅडमिंटनची २० वर्षांत बसवलेली घडी विस्कटू लागली. संघ घडवणारे मुख्य प्रशिक्षक पार्क जू-बाँग पद सोडून मायदेशी, म्हणजे थेट प्रतिस्पर्धी कोरियाच्या संघाकडे गेले. महिला दुहेरीतील आघाडीची जोडी फुटली. पुरुष एकेरीत केंटो मोमोटाची जागा अजून रिकामीच आहे. अशा स्थितीत २०२६ च्या ऑगस्टमध्ये नवी दिल्लीतील जागतिक स्पर्धा आणि सप्टेंबरमध्ये घरच्या मैदानावर, आइची-नागोया येथे होणारी आशियाई क्रीडा स्पर्धा जपानसमोर आहे. एका प्रशिक्षकाभोवती उभी राहिलेली व्यवस्था त्याच्याशिवाय चालते का, याची ही पहिली मोठी कसोटी ठरेल.

पार्क येण्यापूर्वी जपान कुठे होता?

जपान बॅडमिंटनमध्ये नवखा नाही. महिलांच्या सांघिक उबर चषकावर जपानने १९६६, १९६९, १९७२, १९७८ आणि १९८१ अशी पाच वेळा मोहोर उमटवली होती. हिरोए युकी या खेळाडूने ऑल इंग्लंड स्पर्धेचे एकेरीचे विजेतेपद चार वेळा जिंकले. मात्र ऐंशीच्या दशकात चीन आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पूर्ण ताकदीने उतरला. पाठोपाठ कोरिया आणि इंडोनेशियाच्या महिलाही पुढे आल्या आणि जपान मागे पडत गेला.

घसरणीचा तळ दिसला तो २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये. तेथे जपानच्या सर्व खेळाडूंना मिळून केवळ एक सामना जिंकता आला. या नामुष्कीनंतर जपानी संघटनेने पार्क जू-बाँग यांना पाचारण केले. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक जिंकणारे पार्क हे दुहेरीतील सर्वकालीन महान खेळाडूंपैकी एक मानले जातात.

पार्क यांनी नेमके काय बदलले?

तोवर जपानचा राष्ट्रीय संघ ही बऱ्याच अंशी कागदावरची गोष्ट होती. खेळाडू आपापल्या कंपनीच्या संघात, कंपनीच्या प्रशिक्षकाकडे सराव करत आणि मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर काही दिवसांसाठी एकत्र येत. देशांतर्गत लीग आणि राष्ट्रीय अजिंक्यपद हीच अनेकांच्या दृष्टीने मोठी उद्दिष्टे होती. परदेशातील स्पर्धेत एखादी फेरी जिंकली तरी समाधान मानले जाई.

पार्क यांनी राष्ट्रीय संघाचा एकत्रित सराव हा केंद्रबिंदू केला. २००८ मध्ये टोकियोत राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि खेळाडूंना हक्काची कोर्ट, व्यायामशाळा आणि निवास एकाच छताखाली मिळाले. आता देशातील अव्वल खेळाडू रोज एकमेकांविरुद्ध खेळू लागले. दुसऱ्या क्रमांकाच्या जोडीला पहिल्या जोडीशी आठवड्यातून अनेकदा दोन हात करायला मिळू लागले. जपानच्या पुढील यशात या अंतर्गत स्पर्धेचा वाटा मोठा आहे. दुसरा बदल मानसिकतेचा होता. लक्ष्य राष्ट्रीय विजेतेपदाचे नव्हे, तर जागतिक क्रमवारीतील पहिल्या दहा जणांत येण्याचे, हे त्यांनी खेळाडूंच्या मनावर बिंबवले.

फळ कधी मिळू लागले?

पहिली चुणूक २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दिसली. मियुकी माएदा आणि सातोको सुएत्सुना या जोडीने उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या अव्वल जोडीला चीनमध्येच हरवले आणि चौथे स्थान मिळवले. चार वर्षांनी लंडनमध्ये मिझुकी फुजी आणि रेइका काकीइवा यांनी रौप्यपदक जिंकले. हे जपानचे बॅडमिंटनमधील पहिले ऑलिंपिक पदक.

पुढचा टप्पा भारतीय चाहत्यांना आठवत असेल. २०१४ मध्ये दिल्लीच्या सिरी फोर्ट संकुलात झालेल्या थॉमस चषकात जपानने उपांत्य फेरीत चीनला ३-० असे गारद केले आणि अंतिम लढतीत मलेशियाला ३-२ असे नमवून पुरुषांचे सांघिक जगज्जेतेपद प्रथमच पटकावले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मिसाकी मात्सुटोमो आणि अयाका ताकाहाशी निर्णायक गेममध्ये १६-१९ अशा पिछाडीवर होत्या. तेथून सलग पाच गुण घेत त्यांनी डेन्मार्कच्या जोडीला हरवले आणि जपानला बॅडमिंटनचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिले.

२०१८ हे वर्ष तर सोन्याचे ठरले. जपानच्या महिलांनी ३७ वर्षांनंतर उबर चषक जिंकला. मोमोटा पुरुष एकेरीत जगज्जेता होणारा पहिला जपानी ठरला. महिला दुहेरीच्या जागतिक अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना जपानी जोड्या होत्या. त्याच वर्षी जकार्ता आशियाई स्पर्धेत महिला संघाने चीनला हरवून सांघिक सुवर्ण जिंकले.

खेळाडूंचा खर्च कोण उचलतो?

जपानी बॅडमिंटनचा आर्थिक कणा म्हणजे कंपन्यांचे संघ. आपल्याकडे रेल्वे किंवा पेट्रोलियम कंपन्या खेळाडूंना नोकरी देतात, त्याच्याशी ही पद्धत मिळतीजुळती आहे. शाळा किंवा विद्यापीठातून बाहेर पडलेला खेळाडू कंपनीचा कर्मचारी होतो. त्याला पगार, सराव आणि प्रशिक्षक मिळतात. त्या बदल्यात तो देशांतर्गत लीगमध्ये कंपनीसाठी खेळतो. यामागुची कुमामोतोतील साइशुनकान या औषध आणि सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या संघातून पुढे आली. मोमोटा एनटीटी ईस्ट या दूरसंचार कंपनीचा, तर ताकुरो होकी आणि युगो कोबायाशी ही पुरुष दुहेरीची जोडी तोनामी या मालवाहतूक कंपनीची.

या पद्धतीमुळे खेळाडूला पोटाची चिंता राहत नाही आणि निवृत्तीनंतरही अनेकदा नोकरी टिकते. दुहेरीतील बहुतेक जोड्या एकाच कंपनीतील असल्याने वर्षानुवर्षे एकत्र खेळतात. जपानच्या दुहेरीतील समन्वयाचे हे एक कारण. मात्र दोन कंपन्यांतील खेळाडूंची जोडी जमवणे अवघड जाते. कंपनीने खर्चाला कात्री लावली तर संपूर्ण संघच अडचणीत येतो. राष्ट्रीय संघ आणि कंपनी यांच्या वेळापत्रकांची ओढाताणही होते.

शाळांचे योगदान किती?

कंपनीच्या आधीची पायरी म्हणजे शाळा. फुकुशिमा प्रांतातील तोमिओका येथील शाळांची कहाणी यात सर्वांत बोलकी आहे. शिकोकू बेटावरील कागावा प्रांतातून आलेला मोमोटा, टोकियोचा युता वातानाबे आणि उत्तरेकडील होक्काइदोची अरिसा हिगाशिनो ही तिन्ही मुले बॅडमिंटनसाठी घर सोडून तोमिओकाच्या शाळांत दाखल झाली होती. ११ मार्च २०११ रोजी भूकंप आणि त्सुनामीने हा किनारा उद्ध्वस्त केला. पाठोपाठ अणुप्रकल्पातील दुर्घटनेमुळे संपूर्ण गाव रिकामे करावे लागले. मोमोटा त्या वेळी सरावासाठी इंडोनेशियात होता, म्हणून बचावला. बॅडमिंटनचे वर्ग नंतर त्याच प्रांतातील इनावाशिरो येथे हलवण्यात आले आणि मुलांनी तेथे सराव सुरू ठेवला. पुढच्याच वर्षी मोमोटा कनिष्ठ गटाचा जगज्जेता झाला. वातानाबे आणि हिगाशिनो यांनी मिश्र दुहेरीत टोकियो आणि पॅरिस अशा सलग दोन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले. शाळेतील मैत्रीतून जमलेली ही जोडी मिश्र दुहेरीत जपानला ऑलिंपिक पदक मिळवून देणारी पहिली जोडी ठरली.

इतके जगज्जेते, मग ऑलिंपिक सुवर्ण एकच कसे?

२०१७ ते २०२५ या काळात जपानने जागतिक स्पर्धांत नऊ सुवर्णपदके जिंकली. ऑलिंपिकमध्ये मात्र आजवर एक सुवर्ण, एक रौप्य आणि चार कांस्य अशी सहाच पदके आहेत. या तफावतीमागे काही कारणे नियमांची, काही नशिबाची आणि काही स्वतःच ओढवून घेतलेली आहेत.

ऑलिंपिकमध्ये एका देशाला एका प्रकारात जास्तीत जास्त दोनच प्रवेशिका मिळतात. महिला दुहेरीत जपानकडे पदकाच्या तोडीच्या तीन-तीन जोड्या होत्या. त्यामुळे पात्रतेची चुरस आपसांतच झाली. रिओतील सुवर्णविजेत्या मात्सुटोमो आणि ताकाहाशी या शर्यतीत मागे पडल्या आणि ताकाहाशीने २०२० मध्ये निवृत्ती घेतली. टोकियोत उतरलेल्या जगातील अव्वल जोडीपैकी सायाका हिरोटाच्या गुडघ्याला स्पर्धेच्या काही आठवडे आधी गंभीर दुखापत झाली. ती पट्टा बांधून खेळली, पण उपांत्यपूर्व फेरीपुढे जाता आले नाही. दुसरी जोडी मायू मात्सुमोटो आणि वाकाना नागाहारा यांची. त्याही कोरियाकडून तिसऱ्या गेममध्ये २६-२८ असा पराभव पत्करून त्याच फेरीत बाद झाल्या.

मोमोटाची कहाणी सर्वांत चटका लावणारी. २०१६ मध्ये बेकायदा जुगारअड्ड्यावर गेल्याचे उघड झाल्याने त्याच्यावर बंदी आली आणि पदकाची संधी असलेले रिओ ऑलिंपिक हुकले. परतल्यावर क्रमवारीत तळातून सुरुवात करून तो अव्वल स्थानी पोहोचला. २०१९ मध्ये त्याने एका हंगामात ११ विजेतेपदांचा विक्रम केला. जानेवारी २०२० मध्ये मलेशियातील स्पर्धा जिंकल्याच्या दुसऱ्याच दिवशी विमानतळाकडे जाताना त्याच्या गाडीला अपघात झाला. चालकाचा मृत्यू झाला आणि मोमोटाच्या डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडले. अपघातानंतर त्याला एकाच्या दोन प्रतिमा दिसत. शटलचा वेग पाहता बॅडमिंटनपटूसाठी यापेक्षा मोठे संकट नाही. टोकियोत तो गटातच बाद झाला. २०२४ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी त्याने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला.

शैलीची किंमत मोजावी लागतेय का?

जपानी खेळाची ओळख म्हणजे अभेद्य बचाव आणि न संपणाऱ्या रॅली. २०१७ च्या ग्लासगोतील जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना त्याचे उत्तम उदाहरण. नोझोमी ओकुहाराने पी. व्ही. सिंधूला २१-१९, २०-२२, २२-२० असे हरवायला ११० मिनिटे घेतली होती. यामागुचीची उंची जेमतेम १५६ सेंटिमीटर. तिच्याकडे उंचीवरून येणारा स्मॅश नाही, पण पायांचा वेग, झेप आणि शटल परत करण्याची चिकाटी यांच्या जोरावर ती स्वतःपेक्षा उंच खेळाडूंना दमवते.

मात्र असा खेळ शरीराकडून वसुली करतोच. ओकुहाराची कारकीर्द गुडघ्याच्या दुखापतींनी वारंवार खंडित झाली. दुसरीकडे कोरियाची अॅन से-यंग बचावात जपान्यांच्या तोडीची आहे आणि आक्रमणात त्यांच्याहून धारदार. जपानच्याच शस्त्राची सुधारित आवृत्ती आज जपानसमोर उभी आहे.

२०२५ मध्ये घडी का विस्कटली?

पार्क यांचा जपानबरोबरचा २० वर्षांचा प्रवास २०२५ च्या सुरुवातीला संपला आणि एप्रिलमध्ये ते कोरियाचे मुख्य प्रशिक्षक झाले. कोरियाच्या अॅन से-यंगने २०२५ मध्ये ११ विजेतेपदे जिंकून मोमोटाच्या विक्रमाची बरोबरी साधली. मोमोटाचा तो विक्रमी हंगाम पार्क यांच्याच कारकिर्दीतला. जपानच्या प्रत्येक खेळाडूची ताकद आणि उणिवा जाणणारा माणूस आता समोरच्या बाकावर बसतो, हे नुकसान आकड्यांत मोजता येणार नाही.

त्याच सुमारास जोड्यांची मोडतोड झाली. वातानाबे आणि हिगाशिनो यांनी पॅरिस ऑलिंपिकनंतर वेगळे होण्याचा निर्णय घेतला. पॅरिसमधील कांस्यपदक विजेत्या चिहारू शिडा आणि नामी मात्सुयामा यांनी २०२५ मध्ये ऑल इंग्लंडचे विजेतेपद जिंकले आणि त्याच वर्षी त्यांचीही जोडी फुटली. ऑलिंपिकनंतर जोड्या बदलणे नवे नाही. पण दुहेरीत नव्या जोडीला सूर गवसायला वर्ष-दोन वर्षे लागतात आणि जपानच्या यशाचा पाया दीर्घकाळ टिकलेल्या जोड्या हाच होता.

पैशांचा प्रश्नही आहे. जपानी संघटनेतील एका माजी कर्मचाऱ्याने पैशांची अफरातफर केल्याचे आणि ती दडपली गेल्याचे २०२२ मध्ये उघड झाले. त्यातून संघटनेच्या कारभारावर टीकेची झोड उठली. त्यातच येन घसरल्याने परदेश दौरे महागले. जागतिक क्रमवारीचे गुण मिळवण्यासाठी वर्षभर फिरावेच लागते. अशा वेळी पहिली झळ बसते ती दुसऱ्या फळीतील तरुणांना.

मग पुढची फळी कुठे आहे?

महिला एकेरीत आजही यामागुचीच आधारस्तंभ आहे. ती जूनमध्ये २९ वर्षांची होईल. तीन जगज्जेतेपदांसह तिने स्पेनच्या कॅरोलिना मरिनची बरोबरी केली आहे आणि दिल्लीत चौथे जिंकल्यास ती महिला एकेरीत एकटीच शिखरावर असेल. तिच्या मागे २००६ मध्ये जन्मलेली तोमोका मियाझाकी आहे. २०२२ मध्ये तिने कनिष्ठ गटाचे जगज्जेतेपद जिंकले. ओकुहारा आणि यामागुची यांची सुरुवातही याच विजेतेपदापासून झाली होती. त्यामुळे जपानला तिच्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत.

पुरुष एकेरीत कोडाइ नाराओकाने २०२३ च्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक जिंकले. अंतिम सामन्यात तो थायलंडच्या कुनलावुत वितिदसर्नकडून हरला. २०१८ मध्ये कनिष्ठ गटाच्या जागतिक अंतिम सामन्यातही हाच निकाल लागला होता. नाराओका लांब रॅलींचा बादशहा आहे, पण सामना झटपट संपवणारा फटका त्याच्याकडे कमी आहे. त्याच्यासोबत अनुभवी केंटा निशिमोटो आणि तरुण युशी तानाका आहेत. संख्या पुरेशी आहे. समोरच्याला धडकी भरावी असा मोमोटासारखा खेळाडू मात्र त्यांच्यात अजून दिसत नाही.

महिला दुहेरीत जुन्या प्रतिस्पर्धी एकत्र आल्या आहेत. हिरोटाची साथीदार युकी फुकुशिमा आता मात्सुमोटोबरोबर खेळते. फुकुशिमा आणि हिरोटा यांनी जागतिक स्पर्धेत सलग तीन वेळा अंतिम फेरी गाठली आणि तिन्ही वेळा हरल्या. त्यांपैकी दोन पराभव मात्सुमोटोच्याच जोडीकडून झाले होते. ही नवी जोडी तगडी आहे, पण दोघीही तिशीत आहेत. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकसाठी जपानला त्यांच्यापेक्षा तरुण जोड्या तयार ठेवाव्या लागतील. पुरुष दुहेरीत २०२१ चे जगज्जेते होकी आणि कोबायाशी यांचीही तिशी उलटली आहे. मिश्र दुहेरीत तर नव्याने मांडणी सुरू आहे.

भारताला याचे काय?

गेल्या दशकात भारतीय खेळाडूंच्या अनेक संस्मरणीय लढती जपान्यांशी झाल्या. टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत सिंधूने यामागुचीला २१-१३, २२-२० असे हरवले होते. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत मुंबईकर चिराग शेट्टी आणि सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी यांनी टोकियोत गतविजेत्या होकी आणि कोबायाशी यांना नमवून पुरुष दुहेरीत भारताचे पहिले जागतिक पदक निश्चित केले. लक्ष्य सेनने नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात तानाकाला हरवले. जपान डळमळला तर दिल्ली आणि नागोयात भारतासाठी काही दारे किलकिली होऊ शकतात.

पण जपानच्या अनुभवात भारतासाठी इशाराही आहे. भारतीय बॅडमिंटनचा उदयही मोठ्या प्रमाणात हैदराबादच्या केंद्राभोवती आणि पुलेला गोपीचंद यांच्याभोवती झाला. एका माणसाने उभे केलेले यश त्याच्यानंतर टिकवायचे, तर पुढचे प्रशिक्षक आणि पुढचे खेळाडू तो असतानाच घडवावे लागतात.

नागोयाचे महत्त्व इतके का?

२०२१ चे ऑलिंपिक जपानमध्येच झाले, पण करोनामुळे रिकाम्या आसनांसमोर. जपानचा सर्वांत बलवान संघ त्या वेळी घरच्या प्रेक्षकांविना खेळला आणि एका कांस्यपदकावर थांबला. नागोयात प्रेक्षक असतील, संघ मात्र तो नसेल. समोर चीन असेल आणि पार्क यांचा कोरियाही. जपानकडे आजही शाळा आहेत, कंपन्यांचे संघ आहेत, राष्ट्रीय केंद्र आहे आणि यामागुचीसारखी जगज्जेती आहे. अथेन्सच्या वेळी राष्ट्रीय केंद्र नव्हते आणि अशी जगज्जेतीही नव्हती. त्यामुळे जपान पुन्हा २००४ च्या तळाला जाण्याची शक्यता कमीच. यामागुचीने रॅकेट खाली ठेवण्यापूर्वी तिची जागा घेणारी खेळाडू तयार होते का, याचे उत्तर मात्र पुढील दोन वर्षांत मिळेल.